न्यू जर्सीचा आयईपी टेक्ससमध्ये नेताना: नावं बदलतात, हक्क कोणते टिकतात?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे अशाच परिस्थितीतल्या इतर पालकांनाही संदर्भ लागेल. तुम्ही जुलैमध्ये न्यू जर्सीहून डॅलसजवळ राहायला आलात. मुलगा नोव्हेंबरमध्ये पाच वर्षांचा होईल. विकासात्मक बालरोगतज्ज्ञांनी ऑटिझमचं निदान केलेलं आहे. न्यू जर्सीच्या आयईपीवर (मुलासाठी बनवलेल्या वैयक्तिक शिक्षण आराखड्यावर) पात्रतेच्या रकान्यात 'प्रीस्कूल चाइल्ड विथ अ डिसॅबिलिटी' असं लिहिलंय, आणि त्यानुसार त्याला शाळेतच स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) मिळत होती. इथल्या शाळेने सांगितलं की हा प्रवर्ग आमच्याकडे नाही, सगळी तपासणी नव्याने होईल आणि तोवर थेरपी सुरू करता येणार नाही. वर 'ॲडमिशन, रिव्ह्यू अँड डिसमिसल' बैठकीची नोटीस हातात आली आणि मुलाला काढून टाकतात की काय, या काळजीने तुमची झोप उडाली. तुम्ही विचारता: कायदा जर सगळ्या अमेरिकेला एकच आहे, तर शब्द वेगळे कसे, आणि आम्ही कशावर अडून बसायचं?

सगळ्यात आधी थेरपीचं बघू, कारण बाकी सगळं थांबू शकतं, ते थांबू शकत नाही. 'तपासणी होईपर्यंत सेवा नाही' हे शाळेचं म्हणणं चुकीचं आहे. आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या फेडरल कायद्याच्या नियमावलीत कलम ३००.३२३ आहे. दुसऱ्या राज्यातून चालू आयईपी घेऊन आलेल्या मुलाला नव्या डिस्ट्रिक्टने (त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेने) पालकांशी सल्लामसलत करून जुन्या आयईपीतल्या सेवांशी 'कम्पॅरेबल' सेवा द्यायच्या आहेत. डिस्ट्रिक्ट गरज वाटल्यास आपली तपासणी करून नवा आयईपी बनवेपर्यंत त्या चालू राहतात. 'कम्पॅरेबल' म्हणजे काय, यावर शाळा आणि पालक यांच्यात खूप वाद होतात. पण २००६ मध्ये हे नियम जाहीर करताना शिक्षण खात्याने स्पष्टीकरण दिलं होतं की शब्दाचा साधा अर्थ घ्यावा, म्हणजे सारख्या किंवा समतुल्य सेवा. थेरपिस्ट वेगळी असेल, खोली वेगळी असेल, वार बदलतील. पण आठवड्याला दोन वेळा मिळणारी स्पीच शून्यावर आणणं याला कोणीही समतुल्य म्हणू शकत नाही.

प्रवर्गाचं नाव इथे अस्तित्वात नाही, हे सेवा नाकारायचं कारण होऊ शकत नाही. कलम ३००.३२३ मध्ये प्रवर्ग जुळण्याची अटच नाही. उद्याच ईमेल करा: मुलाचा चालू आयईपी सोबत जोडला आहे, कलम ३००.३२३ प्रमाणे समतुल्य सेवा कोणत्या तारखेपासून सुरू होतील ते कळवा, आणि नकार असेल तर तो 'प्रायर रिटन नोटीस' म्हणून कारणांसह लेखी द्या. तोंडी नकार देणारी बरीच माणसं तोच नकार सहीनिशी लिहायची वेळ आली की आपला नियम पुन्हा वाचतात.

आता शब्दांकडे येते. अमेरिकेच्या राज्यघटनेत शिक्षणाचा उल्लेखच नाही, शाळा हा राज्यांचा विषय. १९७५ मध्ये काँग्रेसने पब्लिक लॉ ९४-१४२ केला. त्यालाच १९९० मध्ये आयडीईए हे नाव मिळालं आणि शेवटची मोठी दुरुस्ती २००४ मध्ये झाली. या कायद्याची रचना अशी की केंद्र राज्यांना पैसे देतं आणि त्यासोबत अटी घालतं. अटी पाळल्या की त्या कशा राबवायच्या, कोणत्या शब्दांत लिहायच्या, हे राज्य ठरवतं. काही राज्यांकडे तर आधीपासून स्वतःचा कायदा होता. मॅसॅच्युसेट्सचा 'चॅप्टर ७६६' १९७२ चा आहे, फेडरल कायद्याच्या तीन वर्षं आधीचा. अशा राज्यांनी आपली भाषा सोडली नाही, फक्त ती फेडरल व्याख्येशी जुळवून घेतली. राज्य फेडरल कायद्यापेक्षा जास्त देऊ शकतं, कमी देऊ शकत नाही. हे वाक्य कागदावर लिहून फ्रिजवर लावा, पुढची अनेक वर्षं उपयोगी पडेल.

फेडरल यादीत अपंगत्वाचे १३ प्रवर्ग आहेत. ऑटिझम आणि ट्रॉमॅटिक ब्रेन इंज्युरी हे दोन त्यात १९९० मध्ये आले. त्यांच्याशिवाय 'डेव्हलपमेंटल डिले' हा एक प्रकार आहे, पण तो राज्याच्या मर्जीवर: वापरायचा की नाही, आणि ३ ते ९ या वयातला कोणता टप्पा धरायचा, दोन्ही राज्याने ठरवायचं. म्हणून सगळ्यात जास्त गोंधळ लहान मुलांच्या बाबतीत होतो. न्यू जर्सीने ३ ते ५ साठी तुमच्या मुलाला मिळालेला प्रीस्कूलचा प्रवर्ग केला. मिनेसोटात डेव्हलपमेंटल डिले वयाच्या नवव्या वर्षाआधीच संपतो. जॉर्जियात 'सिग्निफिकंट' हा शब्द पुढे लागतो. टेक्ससमध्ये वर्षानुवर्षं 'नॉनकॅटेगॉरिकल अर्ली चाइल्डहूड' होतं आणि अलीकडच्या नियमबदलात त्याच्या जागी डेव्हलपमेंटल डिले आणला गेला. तुम्ही न्यू जर्सीतच राहिला असतात तरी किंडरगार्टनआधी पुनर्मूल्यमापन होऊन मुलाचं हे नाव बदललंच असतं. तेव्हा ते नाव इथे नाही म्हणून काही हरवलंय, असं मुळीच समजू नका.

मोठ्या मुलांच्या प्रवर्गांतही हीच तऱ्हा. फेडरल नियमावलीत 'इमोशनल डिस्टर्बन्स' आहे. त्यालाच न्यू जर्सीत 'इमोशनल रेग्युलेशन इम्पेअरमेंट', मिनेसोटात 'इमोशनल ऑर बिहेवियरल डिसऑर्डर्स', मॅसॅच्युसेट्समध्ये 'इमोशनल इम्पेअरमेंट' म्हणतात. बौद्धिक अक्षमतेसाठी फेडरल कायद्यातला जुना, दुखावणारा शब्द २०१० च्या रोझाज लॉने काढला आणि 'इंटलेक्चुअल डिसॅबिलिटी' आणला. तरी मिशिगनच्या नियमांत 'कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट' दिसतं, मिनेसोटात 'डेव्हलपमेंटल कॉग्निटिव्ह डिसॅबिलिटी'. मॅसॅच्युसेट्सच्या यादीत 'न्यूरॉलॉजिकल इम्पेअरमेंट' असा एक प्रवर्ग आहे, जो फेडरल यादीत त्या नावाने सापडणारच नाही.

फेडरल कायद्यात यावर एक महत्त्वाची तरतूद आहे आणि ती फार कमी पालकांना सांगितली जाते: मुलांचं प्रवर्गानुसार वर्गीकरण केलंच पाहिजे, असं कायदा म्हणत नाही. मूल यादीतल्या एखाद्या अपंगत्वात बसतं आणि त्यामुळे त्याला विशेष शिक्षणाची गरज आहे, एवढं ठरलं की ते पात्र. सेवा गरजेनुसार ठरतात, प्रवर्गानुसार नाही. 'ऑटिझम आहे म्हणून हा वर्ग', 'स्पीचचा प्रवर्ग आहे म्हणून ओटी नाही' असं कोणी म्हणालं तर ते फेडरल कायद्याच्या विरोधात बोलतंय.

असं असूनही टेक्ससमध्ये एका नावासाठी तुम्ही आग्रह धरावा, असं मी सांगणार आहे. फेडरल कायद्याने नावावर काही टांगलेलं नसलं तरी राज्य टांगू शकतं, आणि टेक्ससने टांगलंय. इथे मूल 'ऑटिझम' प्रवर्गाखाली पात्र ठरलं, तर आयईपी समितीला अकरा गोष्टींचा एकेक करून विचार करावा लागतो. वाढीव शैक्षणिक कार्यक्रम, रिकामा वेळ कमीत कमी असलेलं दिवसाचं वेळापत्रक, घरी आणि समाजात वावरताना लागणारं प्रशिक्षण, वर्तनासाठी सकारात्मक आधार, पालकांचं प्रशिक्षण, मुलांच्या प्रमाणात पुरेसा स्टाफ, संवाद आणि सामाजिक कौशल्यं ही त्यातली काही. इथले लोक त्याला 'ऑटिझम सप्लिमेंट' म्हणतात. यातली एखादी गोष्ट द्यायची नाही असं समितीने ठरवलं, तर तसं का ठरवलं तेही नोंदवावं लागतं. तोच मुलगा, त्याच अडचणी, पण पात्रता डेव्हलपमेंटल डिलेखाली लिहिली तर ही यादी समितीपुढे आपोआप येत नाही. पालकांचं प्रशिक्षण किंवा घरचं प्रशिक्षण मागायला तुम्हाला कोणी अडवणार नाही, पण विषय तुम्हालाच काढावा लागेल.

म्हणून तपासणीच्या संमतीपत्रावर सही करण्याआधी बघा की 'संशयित अपंगत्व' या ओळीत ऑटिझम लिहिलंय का. नसेल तर लिहून घ्या आणि डॉक्टरांचा अहवाल जोडा. एक गोष्ट मात्र मनाशी पक्की ठेवा: डॉक्टरांचं निदान आणि शाळेची पात्रता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉक्टर डीएसएम या मानसिक विकारांच्या निदानपुस्तिकेचे निकष लावतात. शाळा बघते की नियमावलीतली व्याख्या लागू होते का, त्याचा शिक्षणावर प्रतिकूल परिणाम होतो का आणि त्यासाठी खास रचलेलं शिक्षण लागतं का. त्यामुळे 'निदान आहे, आता आयईपी द्याच' हे चालत नाही. त्याचप्रमाणे 'निदान नाही म्हणून आम्ही तपासणार नाही' हेही चालत नाही. पुण्याहून आणलेलं यूडीआयडी (भारत सरकारचं अपंगत्वाचं ओळखपत्र) कार्ड तुम्ही कागदांत ठेवलंय. ठेवा, पण त्यावरच्या टक्केवारीचा इथे निर्णयावर काही परिणाम होणार नाही. भारतात अपंगांच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात ४० टक्क्यांची मर्यादा महत्त्वाची ठरते, आयडीईएमध्ये टक्केवारी ही कल्पनाच नाही. त्या कार्डासाठी झालेल्या चाचण्यांचे मूळ अहवाल मात्र नक्की द्या, त्यांचा उपयोग होतो.

नोटिशीतल्या शब्दांची भीती आता काढून टाका. टेक्ससमध्ये आयईपी ठरवणाऱ्या समितीला एआरडी कमिटी म्हणतात, उच्चार 'आर्ड'. डिसमिसल म्हणजे गरज संपल्यावर विशेष शिक्षणातून बाहेर पडणं, आणि ते तीन कामांपैकी एक आहे म्हणून नावात आलंय. मूल अगदी पहिल्यांदा पात्र ठरत असलं तरी बैठकीचं नाव तेच. हीच बैठक न्यूयॉर्कमध्ये सीएसई, कनेक्टिकटमध्ये पीपीटी. फेडरल कायद्यात तिला साधं 'आयईपी टीम' म्हटलंय आणि तिच्यात कोण कोण असलंच पाहिजे, ते ठरवून दिलंय. तुम्ही स्वतः त्या टीमचे सदस्य आहात, पाहुणे नाही. न्यू जर्सीत 'चाइल्ड स्टडी टीम' होती आणि नियमानेच मुलाला केस मॅनेजर होता. इथे तशी टीम दिसणार नाही. शाळेने दिलेल्या कागदावरचा 'डायग्नॉस्टिशियन' हा डॉक्टर नसून शैक्षणिक चाचण्या घेणारा प्रशिक्षित माणूस आहे, तिथल्या एलडीटीसीच्या (शिकण्यातल्या अडचणी तपासणाऱ्या शिक्षक-सल्लागाराच्या) जवळपासचा. एफआयआयई म्हणजे पहिली संपूर्ण तपासणी. मूल आधीच पात्र असताना 'पहिली' का म्हणतात, असं तुम्ही विचारलंय. राज्य बदललं की नव्या राज्याची तपासणी ही प्राथमिकच धरली जाते, म्हणून तुमची लेखी संमती लागते. ती अडवून धरू नका, नवा आयईपी तिच्यावरच उभा राहणार आहे.

खरी अडचण प्रवर्गांच्या नावात नसते, ती मुदती आणि सह्यांच्या शब्दांत असते. तिथे कागदाचं नाव एकच आणि परिणाम वेगळे, असं होतं. फेडरल नियम म्हणतो, संमतीनंतर ६० दिवसांत तपासणी, किंवा राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती. न्यू जर्सीत संमतीपासून आयईपी लागू होईपर्यंत ९० दिवस, कॅलेंडरचे. टेक्ससमध्ये लेखी संमतीनंतर तपासणीचा अहवाल पूर्ण व्हायला ४५ दिवस, पण शाळेचे. शनिवार-रविवार, थँक्सगिव्हिंग, नाताळची सुट्टी यात धरली जात नाही. शिवाय या काळात मूल तीन किंवा जास्त दिवस गैरहजर राहिलं, तर तेवढे दिवस मुदत पुढे जाते. डिसेंबरमध्ये भारतात जायचं असेल आणि सुट्टीच्या पुढेमागे दोन आठवडे शाळा बुडणार असेल, तर तपासणी जानेवारी-फेब्रुवारीत सरकेल. तिकिटं काढण्याआधी हे लक्षात घ्या.

सहीचं तर आणखी जपून. न्यू जर्सीत पहिला आयईपी सोडला तर पुढच्या बदलांना वेगळी सही लागत नाही. डिस्ट्रिक्टने नोटीस दिली आणि पंधरा दिवसांत तुम्ही मीडिएशन (मध्यस्थी) किंवा ड्यू प्रोसेस (औपचारिक सुनावणी) मागितलं नाही, तर बदल लागू होतो. पेन्सिल्व्हेनियात याच कामासाठी नोरेप नावाचा कागद येतो आणि दहा दिवसांत उत्तर दिलं नाही तर शाळा पुढे जाऊ शकते. टेक्ससमध्ये बैठकीच्या शेवटी सहमत की असहमत अशी खूण करायची असते. असहमत असाल तर दहा शालेय दिवसांपर्यंत बैठक तहकूब करून पुन्हा बसण्याची संधी तुम्हाला द्यावी लागते. त्यानंतरही जुळलं नाही, तर डिस्ट्रिक्ट लेखी नोटीस देऊन आपला आयईपी लागू करू शकतं, आणि ती नोटीस किमान पाच शालेय दिवस आधी यायला हवी. न्यू जर्सीच्या सवयीने 'पंधरा दिवस आहेत, वकिलाला विचारू' म्हणून थांबलेले पालक इथे मागे पडतात. गप्प राहण्याचा अर्थ प्रत्येक राज्यात वेगळा, म्हणून कोणत्याही कागदावर तुमचं मत त्याच आठवड्यात लेखी कळवायची सवय लावून घ्या.

काही हक्क खरोखरच मागे राहिलेत, तेही स्पष्ट सांगायला हवं. न्यू जर्सीत वाद सुनावणीपर्यंत गेला तर आपलं म्हणणं सिद्ध करण्याची जबाबदारी डिस्ट्रिक्टवर असते, तो राज्याचा २००८ चा कायदा आहे. बाकी बहुतेक ठिकाणी सुप्रीम कोर्टाचा २००५ मधला शेफर विरुद्ध वीस्टचा निकाल लागू होतो: जो दाद मागतो त्याने सिद्ध करायचं. टेक्ससमध्ये ते तुम्हाला करावं लागेल, म्हणून कागद जपून ठेवण्याचं महत्त्व इथे दुप्पट. वयाच्या मर्यादाही राज्याराज्यांत वेगळ्या. मिशिगन २६ वर्षांपर्यंत सेवा देतं, फेडरल कायद्याची धाव २१ पर्यंतच. पेन्सिल्व्हेनिया आणि कॅन्सससारखी राज्यं 'गिफ्टेड' मुलांनाही आपल्या विशेष शिक्षणाच्या नियमांत घेतात, फेडरल कायद्यात त्याला जागा नाही. थोडक्यात, फेडरल कायद्याने दिलेलं तुमच्याबरोबर आलं, न्यू जर्सीने वरून घातलेलं तिथेच राहिलं.

एक सावधगिरी. 'आयईपीची गरज नाही, ५०४ प्लॅन करू' असं कोणी सुचवलं तर लगेच हो म्हणू नका. ५०४ हे १९७३ च्या रिहॅबिलिटेशन ॲक्टचं कलम आहे, वेगळा कायदा. त्याने सवलती मिळतात, पण आयईपीतली मोजता येणारी उद्दिष्टं आणि आयडीईएचं सगळं संरक्षण त्यात नाही. ऑटिझम असलेल्या, स्पीच आणि ओटी चालू असलेल्या मुलासाठी तो बहुतेक वेळा तोकडा पडतो. एंड्र्यू एफ.च्या २०१७ मधल्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने म्हटलंय की आयईपी असा हवा की मुलाला त्याच्या परिस्थितीच्या मानाने योग्य प्रगती करता येईल. 'थोडंफार काहीतरी मिळतंय ना' एवढ्यावर शाळेला थांबता येत नाही.

घरची भाषा मराठी आहे, हे फॉर्मवर खरं लिहा. अनेक पालक मूल इंग्रजीत मागे आहे असं वाटू नये म्हणून फक्त 'इंग्लिश' लिहितात, आणि त्यात मुलाचंच नुकसान होतं. मुलाची माहिती ज्या भाषेत अचूक कळेल त्या भाषेत तपासणी व्हावी, असं फेडरल नियम सांगतो, आणि केवळ इंग्रजी कमी येतं म्हणून मुलाला अपंग ठरवायलाही मनाई आहे. स्पीच थेरपिस्टला सांगा की मराठीत 'अ' आणि 'द'सारखी उपपदं नाहीत आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. त्यामुळे चार वर्षांचं मूल इंग्रजी बोलताना 'द' गाळत असेल तर तो घरच्या भाषेचा परिणाम असू शकतो. पण तेच मूल मराठीतही 'मला पाणी दे' असं तीन शब्दांचं वाक्य जुळवत नसेल, नावाने हाक मारल्यावर वळून बघत नसेल, तर ती माहिती थेरपिस्टला कोणत्याही इंग्रजी चाचणीतून मिळणार नाही, ती तुमच्याकडूनच मिळेल. घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ आणि त्याच्या मराठी वाक्यांची अर्थासह यादी घेऊन जा.

व्हिसाची चिंताही तुमच्या पत्रात डोकावते. आयडीईएमध्ये नागरिकत्वाची अट नाही, आणि सुप्रीम कोर्टाच्या १९८२ मधल्या प्लायलर निकालानुसार सरकारी शाळा मुलाच्या इमिग्रेशनच्या स्थितीवरून प्रवेश नाकारू शकत नाही. एच-४ या अवलंबितांच्या व्हिसावरचा मुलगा इथे तितकाच हक्काने बसतो.

शेवटचा प्रश्न आजींना बैठकीला नेण्याचा. नेता येईल. मुलाबद्दल विशेष माहिती असलेल्या व्यक्तीला बोलावण्याचा हक्क पालकांना आहे, आणि तिला तशी माहिती आहे की नाही हे बोलावणाराच ठरवतो. दिवसभर मुलगा आजींजवळ असतो, तेव्हा त्यांच्याइतकं दुसऱ्या कोणाला सांगता येणार नाही. दुभाष्याचा हक्क मात्र पालकांसाठी आहे, त्यामुळे आजींचं बोलणं तुमच्यापैकी एकाला इंग्रजीत सांगावं लागेल. तुम्हाला स्वतःला कायद्याची इंग्रजी जड जात असेल तर संकोच न करता मराठी दुभाषी आधी लेखी मागा. इंग्रजी न बोलणाऱ्या पालकाला आयईपी त्याच्या भाषेत लेखी किंवा ध्वनिमुद्रित स्वरूपात द्यायचा प्रामाणिक प्रयत्न डिस्ट्रिक्टने करावा, असं टेक्ससचा कायदा म्हणतो. बैठकीची नोटीस किमान पाच शालेय दिवस आधी येते, म्हणजे दुभाष्याची मागणी नोटीस मिळाली त्याच दिवशी जायला हवी.